गणवेश तपासायचा कोणी? नव्या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी. नव्याने मुख्याध्यापक झालेले सर लिहितात की शाळा समितीला गणवेशाची शिस्त कडक हवी आहे. रोज सकाळी फाटकावर पंधरा-वीस मुलं अडवली जातात, काहींना घरी पाठवलं जातं. असं दोनदा झाल्यावर नववीतली एक मुलगी शाळेत यायचीच थांबली. दुसरीकडे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची आणि मानसिक आरोग्याची व्यवस्था करा, अशी पत्रं वरून येत आहेत. शाळेत समुपदेशक नाही, नेमायला पैसे नाहीत. एकीकडे शिस्त आणि दुसरीकडे काळजी, हे दोन्ही सांभाळायचं कसं?

सर, आधी त्या मुलीच्या घरी जा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल. वर्गशिक्षिकेला बरोबर घ्या. पालकांना शाळेत बोलावू नका, तुम्हीच जा. गेल्यावर गणवेशाचा विषय आपणहून काढू नका. ‘बरेच दिवस दिसली नाही, म्हणून आलो,’ एवढं पुरे. मग घरचेच बोलतात. कधी पैशाची अडचण असते, कधी आई आजारी असते आणि धाकट्याला सांभाळायला कोणी नसतं, कधी फाटकावर चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं ते तिच्या मनाला लागलेलं असतं. आणि कधी शाळा सुटलीच आहे तर म्हणून घरात स्थळं पाहायला सुरुवात झालेली असते. आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांत नववीत शाळा सुटलेल्या मुलीचं लग्न ठरायला वेळ लागत नाही. तशी शंका आली तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) बोला, गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवरही कळवता येतं. पण बहुतेक वेळा इतक्या लांब जावं लागत नाही. मुख्याध्यापक स्वतः घरी आले, याचाच परिणाम मोठा असतो.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं वर्गशिक्षिका होते, मग पर्यवेक्षिका झाले, मग मुख्याध्यापिका. तिन्ही खुर्च्यांवरून पाहून माझं मत पक्कं झालं आहे की गणवेश ही मुलाच्या घराची रोज सकाळी मिळणारी खबर आहे. मूल आपणहून बोलत नाही. पालक सभेला ज्यांनी यायला हवं तेच येत नाहीत. चाचणीचे गुण कळेपर्यंत दोन महिने उलटलेले असतात. कपडे मात्र रोज आपल्यासमोर येतात. ही खबर फाटकावरच्या माणसाच्या हाती पडली, ज्याला त्या मुलाचं नावही माहीत नसतं, तर तो शिक्षाच करणार, कारण त्याच्या हातात दुसरं काही नाही. तीच खबर वर्गशिक्षकाच्या हाती पडली तर तो विचारपूस करू शकतो. म्हणून माझा सल्ला असा आहे की नियम ठेवा, पण तपासणारा बदला. गणवेशाची तपासणी फाटकावरून काढून पहिल्या तासाला, हजेरीच्या वेळी, वर्गशिक्षकाकडे द्या.

एक उदाहरण देते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवी झालेला एक मुलगा नववीला आमच्याकडे आला. जूनमध्ये गणवेश व्यवस्थित होता. दिवाळीनंतर पॅन्ट घोट्याच्या वर गेली. या वयात मुलं उंच होतात, त्यात नवल नाही. पण वर्गशिक्षिकेचं लक्ष पायाशी गेलं. दुमड उसवून पॅन्ट लांब केली होती. जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ अजून दिसत होती आणि खालची शिवण हाताची होती, मोठमोठ्या टाक्यांची, निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची. मधल्या सुट्टीत बाईंनी सहज विचारलं, ‘कोणी शिवली रे?’ म्हणाला, ‘मीच.’ आईवडील ऊसतोडीला गेलेले. घरी आजी, तिला दिसत नाही. पहाटे उठून भाकरी करायची, आजीला वाढायचं आणि मग शाळा गाठायची, असं त्याचं चाललं होतं. फाटकावर त्याच्या नावापुढे ‘आखूड पॅन्ट, बूट नाहीत’ एवढंच लिहिलं गेलं असतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, तिची आम्ही चौकशी केली, पण आजी एकटी पडेल म्हणून त्याला जायचं नव्हतं. मग आजीलाच ग्रामीण रुग्णालयात दाखवलं. मोतीबिंदू निघाला, पुढे शस्त्रक्रिया झाली. आईवडील परत येईपर्यंत त्याला पहिल्या तासाला थोडा उशीर चालेल, असं सगळ्या शिक्षकांना सांगून ठेवलं. हे सगळं एका शिवणीवरून कळलं.

नववीकडे मी मुद्दाम बोट दाखवते, कारण बहुतेक शाळा समित्यांना इथला हिशेब माहीत नसतो. मोफत गणवेशाची योजना ‘समग्र शिक्षा’ या सरकारी कार्यक्रमातून चालते, ती शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी, तीही पहिली ते आठवीपर्यंत. वर्षाला दोन गणवेशांचे मिळून ६०० रुपये, असा तिचा दर राहिला आहे. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी एकत्र झाली आणि शिलाई बचत गटांकडे गेली. कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापं बसली नाहीत, आणि पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. तुमची शाळा खाजगी अनुदानित, तिथे यातलं काहीच लागू नाही. शालेय पोषण आहार आठवीला थांबतो. मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीलाच थांबतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तुमच्याकडे नववीत आलेल्या मुलाच्या घरी एकाच जूनमध्ये गणवेश, पुस्तकं आणि डबा हे तिन्ही खर्च एकदम येऊन पडतात. समितीतल्या सदस्यांना हे असंच मांडून सांगा. ‘मुलं बेशिस्त झाली आहेत’ म्हणणारे निम्मे सदस्य तिथेच विचारात पडतात. माणसं वाईट नसतात, त्यांनी तो हिशेब कधी मांडलेला नसतो.

दुसरं काम नियम लिहून काढायचं. एका पानात. माझा आग्रह असा की शर्टाचा रंग, पॅन्टचा किंवा सलवार-स्कर्टचा रंग, आणि पायात काहीतरी बंद किंवा पट्ट्याचं, एवढंच सक्तीचं ठेवा. शाळेचं नाव छापलेला पट्टा, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, ठरावीक कंपनीचे बूट, शनिवारचा वेगळा पोशाख, स्नेहसंमेलनाचा टीशर्ट, हे सगळं हळूहळू वाढत गेलेलं असतं आणि त्यातल्या कशाचाही शिकण्याशी संबंध नसतो. कापड साध्या रंगाचं घ्या. चौकडीचं खास कापड ठरवलं की ते गावातल्या एकाच दुकानात मिळतं, मग भाव दुकानदार ठरवतो. ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. पण कापडच असं निवडलं की दुसरीकडे मिळू नये, तर सक्ती न बोलता होते. साधा आकाशी शर्ट आणि गडद निळी पॅन्ट आठवडी बाजारातही मिळते. शिवताना शिलाईत माया (आत सोडलेलं जास्तीचं कापड) आणि पायाशी दुमड भरपूर ठेवायला पालकांना सांगा, एक वर्ष जास्त निघतं. एकदा ठरवलेला गणवेश निदान पाच वर्षं बदलू नका, म्हणजे थोरल्याचा धाकट्याला होतो. आणि मुलींना पॅन्टचा पर्याय द्या. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली मुलगी चार-पाच किलोमीटर वाऱ्यापावसात येते, तिला स्कर्टच घाल म्हणायचं कशासाठी?

हे पान ठरवताना पालक-शिक्षक संघ तर हवाच, पण मुलंही हवीत, आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गातून दोन. मुलांना विचारलं की नियम सैल होतात, अशी भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. मुलं स्वतः बसली की बारीकसारीक गोष्टींत आपल्यापेक्षा कडक असतात, आणि ज्या दोन-तीन गोष्टी त्यांना खरोखर नको असतात त्या मात्र आपल्याला कधी सुचलेल्याच नसतात.

त्यातली एक सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक शाळेत सापडते. शनिवारी पीटीचा पांढरा ड्रेस असतो ना, त्या दिवशीचा हजेरीपट उघडून सातवीपासून पुढच्या मुलींची हजेरी वेगळी मोजून पाहा. इतर दिवसांपेक्षा कमी दिसली तर कारण पांढऱ्या पॅन्टमध्ये आहे. पाळीच्या दिवसांत पांढरे कपडे घालून मैदानावर उभं राहण्यापेक्षा मुली घरी राहतात, आणि ‘पोट दुखत होतं’ म्हणून सांगतात. पांढऱ्याच्या जागी गडद ट्रॅक पॅन्ट ठेवा. पैसे तेवढेच लागतात. सोबत मावशींकडे पॅड, दोन-तीन मापांच्या सलवारी आणि एक स्वेटर असू द्या, आणि कोणाचीही परवानगी न मागता मुलीने थेट मावशींकडे जायचं, हे पाचवीपासून सगळ्यांना माहीत हवं. सर, हे शिक्षिकांना सांगायला लावून तुम्ही बाजूला राहू नका. पुरुष मुख्याध्यापकाने परिपाठानंतर साध्या शब्दांत, न अडखळता ‘कोणत्याही मुलीला गरज पडली तर मावशींकडे जा’ म्हटलं की शाळेतल्या मुलांचं हसणं निम्मं कमी होतं.

याच ओघात एक हद्द सांगून ठेवते. मुलांच्या अंगाला हात लावून, कपडे वर करून, बाही दुमडून कोणतीही तपासणी करायची नाही. कोणीच नाही, कोणत्याही कारणाने नाही. २०२५च्या जुलैमध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरला एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून कोणाला पाळी आली आहे ते पाहायला मुलींचे कपडे उतरवायला लावले. मुख्याध्यापिका आणि एक कर्मचारी पोक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, अटकेत गेल्या. ते वाचताना आपल्याला वाटतं, असं आपल्याकडे होणार नाही. पण शाळेत ‘तपासणी’ची सवय रुजली, तपासणाऱ्याला जाब विचारणारं कोणी नसलं, की हद्द कुठे ओलांडली गेली हे कळत नाही. केस वाढले म्हणून शिक्षकाने कात्री घेऊन वर्गात केस कापणं हेही याच जातीचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई केली आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा, म्हणून नववी-दहावीला काहीही चालतं असा समज शिक्षकांत आहे. तो चुकीचा आहे. मुलांशी क्रूरपणे वागणं गुन्हा ठरवणारं बालन्याय कायद्याचं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे.

आता रोजचं काम कसं चालवायचं ते. फाटकावर शिपाईकाका आणि एक शिक्षक असू द्यात, पण त्यांनी मुलांना आत घ्यायचं, उशीर झालेल्यांची नावं लिहायची, बस. हातात छडी नको. गणवेशावरून कोणालाही घरी पाठवायचं नाही आणि कोणाचाही तास बुडवायचा नाही. घरी पाठवलेलं मूल घरी जातंच असं नाही. सकाळच्या एसटीने आलेल्या मुलीला परतीची गाडी दुपारी असते, तोवर ती स्टँडवर बसून राहते, आणि त्या वेळी तिची जबाबदारी तुमचीच असते. पहिल्या तासाला वर्गशिक्षक हजेरी घेतो, तेव्हा मान वर करून एकेकाकडे पाहतो. ज्याच्या कपड्यांत काही वेगळं दिसलं त्याच्या नावापुढे स्वतःच्या वहीत एक खूण. वर्गात काही बोलायचं नाही. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना, बाजूला घेऊन, एकच प्रश्न विचारायचा: ‘आज काय झालं?’ ‘का नाही घातलास?’ असं विचारलं की मूल बचाव करतं, खोटं बोलतं. काय झालं विचारलं की बहुतेक वेळा खरं सांगतं.

पावसाळ्यात नव्वद टक्के उत्तरं ‘वाळला नाही’ अशीच येतील. एकच जोड असतो, रात्री धुतलेला सकाळी ओला. तिथे विषय संपला. वर्गशिक्षकाने दुसरे कोणतेही कपडे चालतील असं सांगायचं आणि वहीत लिहायचं. ओले कपडे घालून बसलेलं मूल मला दिसलं की राग यायचा, आपल्या नियमाचा. वही साधी असू द्या. तारीख, काय दिसलं, मूल काय म्हणालं, काय ठरलं. ‘मूल बेफिकीर आहे’, ‘पालकांचं लक्ष नाही’ असे निकाल त्यात लिहायचे नाहीत. ‘तिसऱ्यांदा चप्पल. म्हणाला, बूट भावाने नेले’ असं लिहायचं. पुढे ज्याला वाचायचं आहे त्याला यातून काहीतरी कळतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पर्यवेक्षक आणि वर्गशिक्षक यांनी वीस मिनिटं बसायचं आणि ज्या नावांवर तीनदा खूण आली त्यांच्याबद्दलच बोलायचं. वर्गात साठ-सत्तर मुलं असतात, प्रत्येकाकडे कुठे पाहत बसणार, असं शिक्षक म्हणतील. पाहायचं सगळ्यांकडे, बोलायचं चार-पाच नावांबद्दल. ती नावं बहुतेक गैरहजेरीच्या, उशिराच्या आणि वहीपूर्णतेच्या यादीतही असतात. गणितवाल्या सरांना वाटतं मुलगा आळशी, पीटीच्या सरांना वाटतं उद्धट, आणि तिसरा शिक्षक सांगतो की याच्या वडिलांचं तीन महिन्यांपूर्वी निधन झालं. हे तिघे एका टेबलाभोवती आले की मुलाची गोष्ट पुरी होते. तुमच्या शाळेत समुपदेशक नसला तरी ही वीस मिनिटं आजपासून सुरू करता येतात.

कळल्यावर करायचं काय, याची तयारी मुख्याध्यापकाची. वडील किंवा आई गेलेली, एकल पालकाची मुलं असतील तर महिला व बालविकास विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा कार्यालयातून बालकल्याण समितीपुढे जातो. कागद जमवताना पालक थकतात, म्हणून एका लिपिकाला या कामाचं नीट शिकवून ठेवा, त्याच्या एका दुपारीचं मोल फार आहे. आठवीतल्या गरीब घरच्या हुशार मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गणवेशासाठी शाळेत एक कपाट ठेवा. दहावीच्या निरोप समारंभानंतर मुलांकडून चांगले गणवेश मागून घ्या, धुऊन, इस्त्री करून मापाप्रमाणे लावा. वाटप मात्र कधी वर्गात नाही, कधी फोटो काढून नाही. दानशूर मंडळींच्या हस्ते गणवेश वाटपाचा कार्यक्रम बहुतेक शाळा करतात. ज्या मुलाला स्टेजवर बोलावून गणवेश दिला त्याचं नाव सगळ्या गावाला कळतं, आणि पुढच्या वर्षी ते मूल गरज असूनही हात पुढे करत नाही. देणगीदाराचा सत्कार करायचा तर जरूर करा, मुलांना त्यात उभं करू नका. वर्गशिक्षकाने शाळा सुटल्यावर पिशवीत घालून द्यायचं, परत मागायचं नाही.

मुद्दाम नियम मोडणारी मुलं नसतात का? असतात. दहावीतली मुलं पॅन्ट अरुंद करून आणतात, शर्ट बाहेर काढतात, कॉलर वर करतात. ते वयच तसं आहे. त्यांच्याशी स्पष्ट बोला आणि काय होईल ते आधी सांगा: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा घरी फोन, तिसऱ्यांदा पालकांसमवेत मुख्याध्यापकांकडे. रोख दंड नको, तो वडिलांच्या खिशातून जातो. ग्रंथालयात पुस्तकं लावायला थांबवा, पण शेवटची एसटी चुकणार नाही इतकाच वेळ. एवढं पुरतं. त्यात राग आणू नका, टोमणे मारू नका. ‘हिरो झालास का?’ हे वाक्य मी सगळ्या शाळांत ऐकलं आहे, आणि त्याने कोणाची कॉलर खाली आलेली पाहिली नाही.

सण, धर्म, प्रथा यांचे प्रश्न येतील. राखी, टिळा, मेंदी यावरून मुलांना शिक्षा करू नका, असं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने शाळांना कळवलेलं आहे. तुळशीची माळ, कडं, ताईत, यांनी शाळेचं काहीच बिघडत नाही. हिजाबचा प्रश्न २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या भिन्न मतांमुळे मोठ्या पीठाकडे गेला. त्यामुळे तुमच्याकडे तो आला तर फाटकावर निर्णय घेऊ नका, मुलीला वर्गात बसवा आणि पालकांशी शांतपणे बोला. मुंडण केलेला मुलगा दिसला तर केसांबद्दल एक शब्दही बोलू नका, त्याच्या घरी कोण गेलं ते विचारा.

आता समुपदेशकाचं. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५च्या निकालात शाळा-महाविद्यालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावं. तुमच्या संस्थेच्या दोन-तीन शाळा जवळपास असतील तर मिळून एक समुपदेशक ठेवा, आठवड्यातून एकेक दिवस. संस्थेला लेखी पत्र द्या, निकालाची प्रत जोडा. तोवर ग्रामीण रुग्णालयातलं ‘मैत्री’ क्लिनिक किशोरवयीन मुलांसाठीच असतं, तिथल्या समुपदेशकांना शाळेत बोलवा. बोलवलं तर त्या येतात, बहुतेक शाळा बोलवतच नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर प्रत्येक वर्गात लावा, आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही, म्हणजे कोणी पाहत नसताना मुलाला तो वाचता येतो.

वर्गशिक्षक हा समुपदेशक नाही, हे शिक्षकांना परत परत सांगावं लागतं. त्याचं काम ओळखायचं आणि पुढे पोचवायचं. एप्रिलच्या उन्हात कोणी पूर्ण बाहीचा स्वेटर काढत नसेल, मनगटावर रुंद पट्टे घालून येत असेल, तर तो गणवेशाचा प्रश्न नाही. स्वेटर काढायला लावू नका. त्याच दिवशी, एकट्याला गाठून, शांतपणे विचारा आणि मूल काय सांगतं ते ऐका. स्वतःला इजा करून घेतल्याचं किंवा जगावंसं वाटत नाही असं कळलं, तर मुलाला एकटं सोडायचं नाही, लगेच मुख्याध्यापकांना सांगायचं, पालकांना बोलवायचं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, उद्यावर न टाकता. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला आधी कधीच देऊ नका. ‘मी हे फक्त अशाच माणसाला सांगेन ज्याची तुला मदत होईल,’ हे खरं वाक्य आहे, तेच बोला.

आणि बोलता बोलता लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर तिथे विचारविनिमय नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१खाली गुन्हा आहे, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाला पाठीशी घातलं तर शिक्षा आणखी कडक. आधी संस्थेची चौकशी, मग पाहू, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. मुलाला चार जणांपुढे तेच तेच सांगायला लावू नका. मार्च २०२२च्या शासन निर्णयातली, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्याकडे कागदावर असेलच. तिच्यात अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पालक, विद्यार्थी आहेत. तिची खरी बैठक घ्या, तक्रारपेटी शिपायाने नाही तर समितीने एकत्र उघडावी, आणि पेटी ऑफिससमोरून हलवून पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर लावा. ऑफिससमोर उभं राहून कोणी मूल चिठ्ठी टाकत नाही.

शेवटी शाळा समिती. त्यांना शिस्त हवी आहे आणि ती मागणी चुकीची नाही. गणवेशाने श्रीमंताचं आणि गरिबाचं मूल बाकावर शेजारी सारखं दिसतं, त्याचं मोल मला फार वाटतं, म्हणूनच नियम सोडू नका असं मी वर म्हटलं. समितीकडून फक्त एक सहामाही मागून घ्या. जूनपासून दिवाळीपर्यंत फाटकावरची तपासणी बंद, वर्गशिक्षकांच्या वह्या सुरू. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या बैठकीत मुलांची नावं न घेता तीन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवा: सरासरी हजेरी मागच्या वर्षीच्या तुलनेत किती, वह्यांतून किती घरांच्या अडचणी कळल्या आणि त्यांतल्या किती मार्गी लागल्या, आणि पूर्ण गणवेशात येणारी मुलं किती. शेवटचा आकडा घसरला असेल तर समिती फाटक पुन्हा सुरू करा म्हणेल, तेव्हा कपाटात किती मापं कमी पडली ते सांगा आणि तिथेच सदस्यांकडून कापडाची सोय करून घ्या. ज्या शिक्षकाची फाटकावर उभं राहण्याची सवय मोडत नाही त्याला बैठकीला बरोबर न्या, आणि आपल्या वर्गाची वही त्यालाच वाचून दाखवायला सांगा, नावं झाकून.